टॉवेलच्या हंसाची मान का पडते?

गोव्यातल्या मांद्र्याच्या एका ताईंनी विचारलंय. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी चार खोल्यांचं होमस्टे काढलंय. पाहुणा खोलीत शिरला की पलंगावर टॉवेलचा हंस दिसावा अशी हौस आहे. व्हिडिओ बघून हंस जमतो, पण पाहुणा दारात येईस्तोवर त्याची मान खाली. टॉवेल तर चांगले महागातले, जाडजूड घेतलेत, मग असं का? हंसाशिवाय दुसरं काय करता येईल? आणि हे रोज करायचं की कसं?

ताई, टॉवेल महागातले आणि जाडजूड आहेत म्हणूनच मान पडते. कसं ते सांगते, पण आधी माझी ओळख. मी पेडण्याची. 1999 साली कांदोळीतल्या एका हॉटेलात रूम अटेंडंट म्हणून लागले, पुढे फ्लोअर सुपरवायझर झाले, आता नव्या मुलामुलींना हाऊसकीपिंग शिकवते. सीझनमध्ये एकेका पाळीत चौदा-चौदा खोल्या केल्या आहेत. त्यामुळे मी सांगेन ते सगळं घाईत काम करणाऱ्या बाईचं शहाणपण आहे. ज्याला एका हंसावर वीस मिनिटं घालवता येतात त्याने मला खुशाल खोडून काढावं.

मला हंस शिकवला तो सासष्टीतल्या एका म्हाताऱ्या तारवट्याने, म्हणजे जहाजावर नोकरी केलेल्या माणसाने. आपल्याकडचे किती लोक जहाजावर गेले ते तुम्हाला सांगायला नको. हे टॉवेलचे प्राणी जगभर पसरले ते मुख्यतः क्रूझ जहाजांवरून. कार्निव्हलसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर केबिन स्टुअर्ड संध्याकाळी पलंग लावताना रोज एक नवा प्राणी ठेवून जायचा. आमचे हे बाबा बरीच वर्षं जहाजावर केबिन सांभाळून परत आले होते आणि वय झालं तरी घरी बसवत नाही म्हणून आमच्या हॉटेलात लागले होते. माझा पहिला हंस बघून ते म्हणाले, "गो बाय, हंस न्हय हो, कोंबो!" आणि खरंच, मान खाली घातलेला, पिसं गळालेला कोंबडाच दिसत होता तो.

मग त्यांनी टॉवेल उचलला, एक झटका देऊन सरळ केला आणि गुंडाळायला घेतला. काय निराळं करतात ते बघत होते, तर निराळं काहीच नव्हतं. तीच घडी, तीच दिशा. पण गुंडाळी संपल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा कळलं. माझी गुंडाळी दाबली की मऊ लागायची, उशीसारखी. त्यांची वेताच्या काठीसारखी लागत होती.

एवढंच आहे सगळं. कागदाच्या ओरिगामीत घडीची धार काम करते, कागद मोडला की तो तसाच राहतो. टॉवेलला धार येत नाही, कितीही दाबा, तो परत फुगतो. टॉवेलचा प्राणी उभा राहतो तो गुंडाळीतल्या ताणावर आणि टॉवेलचे फासे, म्हणजे कापडावर उभी असलेली धाग्यांची बारीक वेटोळी, एकमेकांत अडकतात त्या घर्षणावर. म्हणूनच चादरीचा हंस होत नाही; चादरीला फासेच नाहीत, ती घसरते. ताण आणि फासे, या दोन गोष्टी सांभाळल्या की उरलेलं हस्तकौशल्य चार दिवसांत येतं.

आता तुमचे टॉवेल. दुकानदाराने तुम्हाला 700 जीएसएमचे दिले असणार, "हॉटेल क्वालिटी" म्हणून. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. दुकानदाराचं ऐकू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर घाला. आंघोळीचा टॉवेल बहुतेक 70 बाय 140 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. टॉवेल कोरडा असताना काटा 440 ग्रॅमच्या आसपास आला तर तो 450चा, 590च्या आसपास आला तर 600चा. 700चा टॉवेल 685 ग्रॅमच्या आसपास भरतो. एवढं वजन मानेत घातलं तर ती गुंडाळी स्वतःचाच भार पेलत नाही. शिवाय इतक्या जाड कापडाची गुंडाळी घट्ट होतच नाही, मध्ये हवा राहते.

घडीच्या कामाला 450 ते 500 सगळ्यात बरा. अंग पुसायलाही तो पुरे होतो आणि मुख्य म्हणजे वाळतो. हे आपल्या बाजूचं मोठं दुखणं. जून ते सप्टेंबर मांद्र्यात 700चा टॉवेल दोन दिवस दोरीवर राहिला तरी आतून ओलसरच. तो कपाटात गेला की कुबट वास धरतो, आणि त्या वासाचा हंस पाहुण्याच्या उशाशी ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. पावसात आम्ही टॉवेल गालाला लावून बघायचो. हाताला ओल कळत नाही, गालाला कळते. गार लागला की परत वाळत.

कुठले घ्यायचे? सोलापूरचे टर्किश टॉवेल मला कायम आवडत आले. सोलापूरच्या चादरीसारखंच तिथल्या टॉवेलालाही भौगोलिक मानांकन आहे, आणि हलके, फासे घट्ट असलेले टॉवेल तिथे सहज मिळतात. एका गोष्टीपासून जपा. काही टॉवेलांची एक बाजू मखमलीसारखी गुळगुळीत असते, कारण तिथले फासे कापलेले असतात. दिसायला राजेशाही, पण ती बाजू बाहेर आली की गुंडाळी हळूहळू सुटते. घ्यायचेच असतील तर पोहण्यासाठी ठेवा.

टॉवेलच्या दोन्ही टोकांना जो सपाट विणीचा पट्टा असतो तोही बघून घ्या. तो पट्टा आणि फाशांचा भाग धुण्यात सारखे आटत नाहीत. स्वस्त टॉवेलात पाच-सहा धुण्यांत पट्टा आखडतो, टोक चुण्या पडून आवळलं जातं आणि टॉवेल चौकोनी राहत नाही. मग तुम्ही कितीही मापात घडी घाला, हंस एका बाजूला कलणारच. मुली म्हणायच्या, "मॅडम, माझा हात वाकडा आहे." हात नव्हे गं, टॉवेल वाकडा. पट्टा जितका अरुंद तितकं बरं. सगळा गठ्ठा घेण्याआधी एक आणा, तीनदा गरम पाण्यात धुवा, मग ठरवा.

धुण्याबद्दल एक सांगायचंय, ते बहुतेक लोकांना पटत नाही. सुवासिक कपडे-मऊ-करणारं द्रव टॉवेलाला घालू नका. त्याचा थर फाशांवर बसतो. पाणी कमी शोषलं जातं आणि फासे एकमेकांवरून घसरतात. तुमचा हंस अर्ध्या तासात बसतो त्यातला निम्मा दोष या बाटलीचा असेल. आणि गंमत बघा, मोठ्या हॉटेलांना ड्रायरमध्ये टॉवेल फुलवून घ्यावे लागतात, तुमच्याकडे दोरी आणि ऊन आहे. उन्हात वाळलेला टॉवेल जरा कडक येतो. अंगाला तो किंचित खरखरीत लागतो हे खरं, दोरीवरून काढल्यावर दोनदा झटकला की तेही कमी होतं. पण हंसाला तोच कडकपणा हवा असतो. स्टार्चच्या भानगडीत मात्र पडू नका. स्टार्च केलेल्या टॉवेलने अंग पुसून बघा एकदा, म्हणजे कळेल.

आता हंस, माझ्या पद्धतीने. पलंगावरच करा, जमिनीवर नको, आणि आधी हात धुवा. टॉवेल लांबीत पसरा, आखूड बाजू तुमच्याकडे. त्या आखूड बाजूचा नेमका मध्य शोधा. डोळ्याने नव्हे, टॉवेल लांबीत एकदा दुमडून मध्याला चिमटा काढा आणि परत उघडा. ती चोच. आता डाव्या हाताचा अंगठा त्या मध्यावर दाबून ठेवा आणि उजवीकडचा कोपरा मध्यरेषेकडे तिरका गुंडाळायला घ्या. दर वेढ्याला गुंडाळी जराशी स्वतःकडे ओढायची, सुरळीची वडी गुंडाळताना सैल पडू नये म्हणून ओढतो ना, तशी. इथेच सगळे चुकतात. पहिले दोन वेढे सैल गेले की पुढचे घट्ट करून उपयोग नाही, आतला गाभा पोकळच राहतो. मध्यापर्यंत आलात की ती गुंडाळी सुटू नये म्हणून तिच्यावर जड काहीतरी ठेवा. मी तिथे पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवत असे. मग दुसरी बाजू, तितकेच वेढे. मोजा. एकीकडे सहा आणि दुसरीकडे आठ झाले की मान वळणार.

आता तुमच्यासमोर एक लांब बाण आहे, टोकाला निमुळता, मागे रुंद. टोकाकडचा साधारण तिसरा हिस्सा उचलून मागे अंगाकडे घ्या आणि उभा करा, मग टोकाची चार-पाच बोटं पुढे वाकवा. इंग्रजी एस अक्षरासारखं वळण दिसलं पाहिजे. मान अर्ध्यापेक्षा लांब घेतलीत तर कितीही घट्ट गुंडाळलेली असो, ती पडणार, कारण खाली तिला धरायला वजनच राहत नाही. लोकांना लांब मान सुंदर वाटते. असेल, पण ती उभी राहणारी हवी. शेवटी एक हँड टॉवेल पंख्यासारख्या चुण्या घालून मानेच्या मागे खोचा. दिसतं ते शेपूट, खरं काम टेकूचं. आमच्या तारवट्या बाबांचा हा टेकू व्हिडिओवाले दाखवत नाहीत, किंवा दाखवतात पण तो शोभेचा आहे असं सांगतात.

दोन हंस समोरासमोर, चोचीला चोच लावून ठेवले की मध्ये बदाम होतो. हनिमूनवाल्यांना तो हटकून ठेवतात. मला त्याचा कंटाळा आला आहे, पण पाहुण्यांना आलेला नाही, तेव्हा माझं मत सोडून द्या.

खरं सांगू का, मांद्र्यात हंस कुणी बघितलाय? शेतात बघाल तर बगळेच बगळे. टॉवेल पांढरे, बगळा पांढरा. हीच घडी, फक्त अंग बारीक करायचं, चोच वाकवायची नाही, सरळ पुढे काढायची, आणि शेपटीचा पंखा लावायचाच नाही, टेकूसाठी लहान फेस टॉवेलची गुंडाळी मागे लपवायची. एका रशियन बाईंनी सकाळी खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांतले, बगळे बघून आल्यावर पलंगावरचा बगळा ओळखला होता आणि हाताने उडण्याची खूण करून दाखवली होती. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

तुमच्या बाजूला त्याहून चांगला प्राणी कासव. मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर, दक्षिणेत आगोंद आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पाहुणे ती घरटी जाळीने राखलेली बघून येतात. त्यामुळे पलंगावर कासव दिसलं की त्यांना आपण कुठे आलोय ते आठवतं. कासवाला मान उभी करायची नसते, म्हणजे पडण्याचा प्रश्नच नाही. आंघोळीच्या टॉवेलच्या दोन्ही आखूड बाजू मध्यापर्यंत घट्ट गुंडाळा. मग ती जोडगुंडाळी, गुंडाळ्या बाहेरच्या अंगाला ठेवून, मध्यावर दुमडा. एका बाजूला गुंडाळ्यांची चार तोंडं येतात. प्रत्येकाच्या गाभ्यात टॉवेलचा एक कोपरा दडलेला असतो, तो बोटाने बाहेर काढा. दोन कोपरे एका हातात, दोन दुसऱ्यात, आणि जोराने ओढा. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा माणूस हसतोच, कारण गुंडाळलेल्या टॉवेलातून एकदम चार पाय बाहेर येतात. हेच अंग पुढे अस्वलाला, बेडकाला, कुत्र्याला, सगळ्यांना चालतं, फक्त डोकं बदलायचं. कासवासाठी ते पोटावर पसरा, पाय फाकवा, वर हँड टॉवेलची गोल दुमडलेली ढाल ठेवून तिच्या कडा खाली खोचा, पुढे फेस टॉवेलची छोटी गुंडाळी. हँड टॉवेल हिरवा असेल तर उत्तम, पण त्यासाठी मुद्दाम रंगीत टॉवेल घेऊ नका, एकत्र धुतले की पांढरे बिघडतात.

हत्ती मुलांचा लाडका. त्याचं अंग वेगळं. मोठ्या टॉवेलच्या दोन्ही आखूड बाजू मध्याकडे दुमडायच्या, मग लांब बाजूंकडून दोन्हीकडून गुंडाळत मध्यावर आणायच्या आणि सगळं मध्यावर वाकवायचं. गुंडाळ्यांची चार टोकं खाली येतात, ते चार पाय. हा मात्र खरोखर उभा राहतो, आणि जितका घट्ट तितका. डोकं हँड टॉवेलचं: एका कडेच्या मध्यातून दोन्ही कोपरे आत गुंडाळत निमुळतं टोक काढायचं, ती सोंड, उलटं करून सोंड वर वळवायची आणि मागचे सुटे पदर दोन्हीकडे ओढून कान करायचे. डोकं अंगावर नुसतं ठेवलं तर घरंगळतं. अंगावरची घडी थोडी उघडून डोक्याचा मागचा भाग तिथे दाबून बसवा.

माकड हँगरला लटकवतात. जहाजावर ते फार चालतं, छान दिसतं, पण क्लिपच्या हँगरशिवाय होत नाही आणि रात्री बाथरूमला उठलेल्या म्हाताऱ्या पाहुणीची काय अवस्था होते ती मी पाहिली आहे. साप करू नका. साप सोपा आहे, म्हणून नवी मुलं करतात.

डोळ्यांचं बघू. बाजारात प्लॅस्टिकचे हलते डोळे मिळतात; लहान मूल असेल त्या खोलीत ते ठेवू नका, तोंडात जातात. आमच्या मुली म्हापशाच्या बाजारातून काळ्या टिकल्यांची पाकिटं आणायच्या. दिसतात झकास. पण टिकली काढायला विसरलात आणि टॉवेल गरम पाण्यात गेला की तिचा डिंक फाशांत असा बसतो की निघता निघत नाही. मी काळ्या जाड कागदाचे ठिपके कापून ठेवते, ते फाशांत नुसते खोचले तरी राहतात. एका पोरीने हत्तीला लवंगांचे डोळे लावले होते. कल्पना चांगली होती, पण तेलाचे दोन पिवळे डाग पडले आणि खोलीला मसाल्याचा वास यायला लागला.

चोचीत फूल ठेवण्याबद्दलही तेच. जास्वंद चुरगळली की रंग उतरतो, झेंडूचा पिवळा डाग पडतो, आणि चाफ्याच्या देठातला चीक पांढऱ्या कापडावर आधी दिसत नाही, धुतल्यावर तपकिरी होऊन येतो. फूल ठेवायचंच असेल तर खाली क्रोटनचं स्वच्छ पुसलेलं पान ठेवा आणि फूल त्या पानावर, हंसापासून चार बोटं दूर. पान घेताना त्यावर मुंग्या नाहीत ना ते बघा. हे मी गमतीत सांगत नाही.

एक प्रसंग सांगते. चवथीच्या आठवड्यात आमच्याकडे माणसं मिळत नाहीत, जो तो गावी. त्या वर्षी एक उत्साही पोरगा मागे राहिला होता. हात फार सुरेख. त्याने हँड टॉवेलाचा गणपती केला, सोंड, कान, पोट, कपाळाला लाल टिकली, आणि तो एका दिल्लीच्या कुटुंबाच्या पलंगावर ठेवला. मला दाखवायला घेऊन गेला तेव्हा मी दोन मिनिटं बघतच राहिले, इतका सुंदर. मग त्याला विचारलं, "आता ह्याचं पाहुणे काय करणार?" तो गप्प. अरे, ते टॉवेल आहे. कुणीतरी तो उलगडून पाय पुसणार. न उलगडावा तर विसर्जन करणार का त्याचं? त्याने स्वतःच हळूच टिकली काढून खिशात घातली, सोंड सरळ केली आणि कान मोठे केले. साधा हत्ती झाला. देवाचं रूप टॉवेलात करायचं नाही, हा नियम मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते. कुणी विचारलं नव्हतं तरी तुम्हालाही सांगितला, कारण चवथीला तुमच्या मनातही येईल.

पाहुण्यांच्या वस्तूंनाही हात नको. माकडाला पाहुण्याचाच गॉगल चढवायचा, हत्तीला त्यांची टोपी घालायची, ही जहाजावरची पद्धत. मी जिथे काम केलं त्यातल्या एका ठिकाणी अशाच गॉगलच्या काचेवर ओरखडा निघाला. तो आमच्यामुळे पडला की आधीचा होता, देव जाणे. पैसे मात्र त्या मुलीच्या पगारातून कापले गेले. मला ते आजही पटलेलं नाही. होमस्टेत तर मालकीणबाई तुम्हीच, ओरखडा तुमच्याच गळ्यात.

आता रोज करायचं का? नाही. पहिलं कारण पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो, टँकर मागवावा लागतो, हे तुम्ही जाणता. एकीकडे बाथरूममध्ये पाटी लावायची, टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा, आणि दुसरीकडे रोज दोन ताज्या टॉवेलांचा हंस करायचा, हे जुळत नाही. आणि वापरलेल्या टॉवेलचा प्राणी करायचा नाही, कोरडा दिसला तरीही.

दुसरं कारण जरा विचित्र आहे. लोक तो मोडत नाहीत. एक इंग्रज आजीबाई आमच्याकडे आठवडाभर होत्या, त्यांनी सहा दिवसांचे सहा प्राणी खिडकीत ओळीने मांडून ठेवले आणि सातव्या दिवशी रिसेप्शनला फोन केला, की अंघोळीला टॉवेल नाही. चूक त्यांची नव्हती. आम्ही त्यांच्या वापराचेच टॉवेल प्राण्यांत घालत होतो. तेव्हापासून माझा हिशेब असा, की बाथरूमच्या दांडीवर माणशी एक मोठा आणि एक हँड टॉवेल असायलाच हवा, पलंगावरचा प्राणी त्याच्या वरचा. म्हणजे तुमच्या साठ्याचंही बघावं लागेल. चार खोल्या, प्रत्येकी दोन माणसं, एक संच खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात: चोवीस मोठे टॉवेल नुसते वापराचे. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून आणखी एक संच, म्हणजे बत्तीस. त्यावर प्राण्यांसाठी आठ-दहा वेगळे ठेवा, कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून, म्हणजे धुण्यात ओळखू येतील. तुमच्याकडचे 700चे फेकू नका, ते बाथरूमच्या दांडीवर लावा, तिथे त्यांची जाडी कामाला येते.

पाहुणा येणार त्या दिवशी एक प्राणी ठेवायचा, मुक्काम लांबला किंवा मुलाचा वाढदिवस असला तर मध्ये एखादा. दोन प्राणी नीट शिका, बगळा आणि कासव, किंवा मुलंबाळं जास्त येत असतील तर कासव आणि हत्ती. वीस प्राणी अर्धवट येण्यापेक्षा ते बरं. हात बसेपर्यंत तीच एक घडी रोज दहादा करा, पाहुण्यांच्या टॉवेलवर नव्हे, घरातल्या जुन्यावर. मला पहिला नीट हंस यायला आठ दिवस लागले होते. हात बसला की तीन मिनिटांत होतो, आणि त्याहून जास्त वेळ लागत असेल तर खोलीतलं दुसरं काहीतरी राहून जातंय असं समजा. आरशावरचे थेंब पुसायचे राहिले आणि हंस मात्र झकास, अशा खोलीला मी कधीच पास केलं नाही.

पलंगावर ठेवताना तोंड दाराकडे. उशीकडे तोंड केलं तर पाहुण्याला आधी शेपूट दिसतं. पायथ्याकडच्या तिसऱ्या हिस्स्यात, मधोमध ठेवा. आणि पाहुणा येणार म्हणून आधीच पंखा पाचवर लावून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती त्या दिवशी सोडा. मान नाही पडली तरी पंख्याचा वारा थेट खाली येतो, हत्तीचे कान उघडतात, कागदाचे डोळे उडून पलंगाखाली जातात. पंखा एकवर ठेवा, खिडकी उघडा, किल्ली हातात द्या. पुढे पंखा त्यांचा ते लावतील.